आक्का कुठल्या चॅनलवर दिसते

आमच्या गावात हॉकी कोणी खेळलं नव्हतं, आजही कोणी खेळत नाही. पण हॉकीची मॅच टीव्हीवर कशी पाहावी, याची एका हिवाळ्यात मला जितकी माहिती होती तितकी आख्ख्या कळमनुरी तालुक्यात दुसऱ्या कोणाला असेल असं वाटत नाही. फुकटच्या डिशवर कोणते चॅनल येतात, पैसे भरायच्या डिशवर कोणते येतात, खेळाचा पॅक घेतला तरी त्यात हॉकीचा चॅनल का नसतो, मोबाइलवरच्या ॲपचा ओटीपी कोणत्या नंबरवर जातो, आणि पडद्यावर मध्येच फिरू लागणारं ते गोल चक्र किती वेळ फिरलं म्हणजे आशा सोडावी, हे सगळं मला तोंडपाठ होतं. ते माझं दहावीचं वर्ष होतं. दहावीत पाठ करायच्या गोष्टी वेगळ्या असतात असं आमचे मास्तर सांगत, आणि निकालाच्या दिवशी त्यांचं म्हणणं खरं ठरलं.

याला कारण माझी आक्का. नाव कौसल्या, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. अकरा वर्षांची असताना ती एकदा शाळेच्या मैदानावर सुटलेल्या बोकडामागे धावत होती आणि ते खेळाच्या कसल्याशा निवडीसाठी आलेल्या साहेबांनी पाहिलं. बोकड घरी आला, आक्का गेली. लांबच्या शहरात सरकारी खेळाडूंचं वसतिगृह होतं, तिथे तिला घेतलं. घेतलं होतं धावण्यासाठी, पण ती पोचेपर्यंत धावण्याच्या जागा भरल्या होत्या, म्हणून तिला हॉकीत घातलं. हॉकीत सगळ्या पोरींना गोल मारायचे होते, म्हणून हिला गोल अडवायला उभं केलं. आक्का जिथे उभी करतील तिथे उभी राहणारी पोरगी होती. अशी नऊ वर्षं उभी राहिल्यावर तिला एका मोठ्या शहराच्या व्यावसायिक संघाने घेतलं. व्यावसायिक म्हणजे प्रवासाला विमान, अंगावर कंपनीचं नाव आणि सगळ्या मॅच टीव्हीवर. ही शेवटची गोष्ट तिने फोनवर सहज सांगितली होती. तिच्यावरून घरात काय होणार आहे हे ठाऊक असतं तर ती गप्प बसली असती.

आमचं घर आखाडा बाळापूरपासून थोडं आत, दोन खोल्यांचं, वर पत्रे. पुढच्या पडवीत हिवाळ्यात करडं आणि कोकरं बांधलेली असायची आणि मी त्यांच्या शेजारी बसून अभ्यास केल्याचं दाखवायची. पहाटे मायचा भाकरी थापण्याचा आवाज आणि करडांचं ओरडणं एकदमच सुरू व्हायचं. ज्वारीची गरम भाकरी, आंबाडीची भाजी आणि वर लसणाच्या फोडणीचं तेल, हे मी पुढे पुष्कळ ठिकाणी खाऊन पाहिलं, पण शेजारी दूध पिणारं करडू नसलं की त्याला ती चव येत नाही. टीव्ही आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीवर. त्याच्यावर मायने भरतकामाचा रुमाल टाकलेला असे आणि तो काढायचा मान आबांचा.

आबा म्हणजे माझे वडील. साठेक मेंढरं, वीसेक शेळ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. शिक्षण नाही, पण डोळा असा की आजूबाजूच्या दहा गावांत त्यांना मान होता. पाण्यावर दोघांचे कळप एकमेकांत मिसळले आणि भांडण लागलं की लोक आबांना बोलावत. आबा जात, उकिडवे बसत, तंबाखू मळत आणि बराच वेळ नुसते बघत. मग उठून काठीने दाखवत: ही तुझी, ही त्याची, ती मागं रेंगाळून राहिली ती पाव्हण्याची. नंतर कानांच्या खुणा तपासल्या की आबांचं बोलणं बराबर निघे. मी एकदा विचारलं होतं, आबा, तुमी मेंढराचं तोंड कसं लक्षात ठेवता? तर म्हणाले, "तोंड कोन बघतं? तोंडं समद्यांची सारकीच. उभं कसं ऱ्हातं ते बघावं." दुसरा त्यांचा एक नेम होता. दुसऱ्याचं मेंढरू आपल्या कळपात आलं तर दिवस मावळायच्या आत मालकाला निरोप गेला पाहिजे. मेंढरू पोचवायला चार दिवस लागले तरी हरकत नाही, पण निरोप त्याच दिवशी. निरोप दिला नाही तर ती चोरी, मग त्या मेंढराला तुम्ही कितीही चारापाणी केलेलं असो. एकदा भर तापात ते एका लंगड्या कोकराचा निरोप द्यायला तीन कोस चालत गेले होते. माय आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

तर या घरात हॉकी शिरली ती मामामुळे. मामा म्हणजे मायचा सख्खा भाऊ, कुरुंद्याचा. त्याची हळद होती, हळद शिजवायचा कुकर होता आणि त्याच्या पोराकडे हळदीला पॉलिश करायचं मशीन होतं. आक्का मामाच्याच घरात जाणार हे तिचे कान टोचले त्या दिवसापासून सगळ्यांनी धरलेलं. मामा वाईट माणूस नव्हता, हे मला आज लिहावंसं वाटतं. त्या वर्षी मात्र मी त्या मशीनचा पट्टा तुटावा म्हणून रोज देवापुढे उभी राहत असे. संक्रांतीच्या आधी मामा आला, पडवीत बसला, चहा बशीत ओतला आणि म्हणाला,

"दाजी, पोरगी कुठं हाय म्हनालात?"

"टीमात. टीव्हीवर येऊन राहिली," आबा म्हणाले. हे ते बाजारात, पाण्यावर, लग्नाकार्यात भेटेल त्याला सांगत होते.

"आमी बी रोज टीव्ही बघून राहिलो. आमाला तर दिसली न्हाई."

आबा तंबाखू मळायला लागले. पोरीला त्यांनी तरी कुठे पाहिलं होतं?

"कुरुंद्यात लोक इच्यारतेत, दाजी. वीस वर्षाची पोरगी, काय करते, कुठं ऱ्हाते. मी काय सांगू? काठी घेऊन पळते म्हनू?" मामाने बशी खाली ठेवली. "या सीझनला तुमी तुमच्या डोळ्यांनी बघा. मी बी बघतो. दिसली तर मी इषय काढनार न्हाई, पोराला दुसरीकडं बघतो. न्हाई दिसली तर होळीच्या आत पोरीला घरी आना."

"बराबर हाय," आबा म्हणाले. माय आतून बांगड्यांचा आवाज करत राहिली, म्हणजे तिला काही बोलायचं होतं आणि ती बोलणार नव्हती. संध्याकाळी मी आक्काला फोन लावून सगळं सांगितलं. मामा नेमकं काय म्हणाला ते तिने मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "निमे, कसंबी कर, पण आबांना मॅच दाखव." तिचा आवाज जरा वेगळा वाटला होता. मी त्याचा अर्थ लावत बसले नाही. माझ्यापुढे डिशचा प्रश्न होता.

डिशसाठी रफिकचाचा. बाळापूरच्या बाजारात त्यांचं दुकान होतं; त्यांच्या वडिलांनी त्यात रेडिओ दुरुस्त केले, चाचांनी टीव्ही केले, आणि आता ते डिश आणि रिचार्ज करत होते. चाचा आमच्या पत्र्यावर चढले आणि खाली अंगणात मी उभी राहून ओरडत होते, आतून माय मला सांगत होती. थोडं फिरवलं की भजनाचे तीन चॅनल आले. आणखी थोडं फिरवलं की एक चॅनल आला ज्यावर एक बाई दिवसभर एकच तवा विकत होती. हॉकी सोडून जगात जे जे चालू होतं ते सगळं त्या दिवशी आमच्या कोठीवर येऊन गेलं. चाचा खाली उतरून म्हणाले, "बेटा, फुकट में हॉकी नै आती. फुकट में खाली भगवान आता." मायला भगवान आल्याचा आनंद झाला होता, तो तिने लपवला.

मग चाचांनी दुकानातला त्यांचा स्वतःचा डबा आणून जोडला, त्यात खेळाचा पॅक होता. पहिल्या मॅचला आबांनी रुमाल काढून घडी करून मांडीवर घेतला, शेजारीपाजारी येऊन बसले, आणि पडद्यावर क्रिकेट लागलं. तेही ताजं नव्हे. जुनी मॅच, जिचा निकाल खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होता. तरी लोक शेवटपर्यंत बसले. हॉकी त्याच चॅनलच्या धाकट्या भावावर लागली होती आणि तो धाकटा भाऊ आमच्या पॅकमध्ये नव्हता. "पॅक घेतला म्हंजे समदं आलं ऐसा नै होता," चाचा डोकं खाजवत म्हणाले, "पॅक के अंदर पॅक रहता." आज मी स्वतः दर महिन्याला पाच-सहा ठिकाणी पैसे भरते आणि जे पाहायचं ते सातव्याच ठिकाणी असतं, तेव्हा मला हे वाक्य आठवतं.

राहिला मोबाइल. ॲप चाचांच्या फोनवर होतं, पण नेटची रेंज आमच्या गावात फक्त पाण्याच्या टाकीवर यायची. एका दुपारी मामाला कुरुंद्याहून बोलावून घेतलं आणि आबा, मामा, चाचा आणि मी असे चौघे टाकीच्या जिन्याने वर चढून कठड्याला टेकून बसलो. माय खाली उभी राहून दर थोड्या वेळाने "दिसली का?" विचारत होती. हाताच्या तळव्याएवढ्या पडद्यावर निळं मैदान, त्यावर मुंग्यांएवढ्या पोरी आणि चेंडू तर नाहीच. दोन मिनिटं चित्र, तीन मिनिटं चक्र. त्यात भर म्हणजे गोल झाल्याचा निरोप फोनवर आधी टिणकन वाजायचा आणि गोल आम्हाला त्यानंतर दिसायचा. मामा चमकला. "हे आधीच कसं कळून राहिलं? ठरवून खेळतेत काय?" चाचांनी त्याला आकाशातून चित्र यायला वेळ कसा लागतो ते समजावलं. मामा म्हणाला, "मंग निरोप कोंत्या रस्त्यानं येतो?" चाचांनी फोन उलटा करून त्याच्या पाठीकडे पाहिलं. पुढे दिवसाचा डेटा संपला आणि आमच्यासमोर एक पोरगी पाय उचललेल्या स्थितीत जी थांबली ती थांबलीच. मामा उठून पँट झटकत म्हणाला, "दाजी, हे काय खरं न्हाई. होळी आली." खाली उतरताना आबा प्रत्येक पायरीवर थांबत होते. त्यांना कठडा लागतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि मला रडू आलं.

आक्काच्या संघाची एकच मॅच उरली होती. चाचांना तेव्हा आठवलं की वारंगा फाट्यावरच्या एका ढाब्याचा डिश त्यांनीच बसवला होता आणि त्या मालकाला कुस्त्या बघायचा नाद असल्यामुळे त्याच्याकडे खेळाचं झाडून सगळं होतं, धाकट्या भावासकट. मॅच दुपारी होती. आम्ही चाचांच्या टेम्पोतून गेलो: पुढे चाचा आणि मामा, मागे आबा, माय, मी आणि दोन बिघडलेले टीव्ही. मायने इरकल नेसलं होतं आणि डब्यात धपाटे घेतले होते, कारण पोरीला बघायला जायचं तर रिकाम्या हाताने कसं जाणार, असं ती म्हणाली. ते खाणार कोण, हे कोणी विचारलं नाही.

ढाब्यावर ट्रकवाले शेवभाजी खात होते. टीव्ही भिंतीवर, आमच्या दारापेक्षा मोठा. चाचांनी रिमोट हातात घेतला, दोनतीन बटणं दाबली आणि हॉकी लागली, एवढी सोपी की मला दोन महिन्यांचा राग आला. संघांची नावं आली, पोरी ओळीने उभ्या राहिल्या, राष्ट्रगीत झालं, त्याला माय उभी राहिली म्हणून ट्रकवालेही हातातला घास ठेवून उभे राहिले. मग पोरी मैदानभर पांगल्या आणि दोन्ही जाळ्यांपुढे दोघीजणी जाऊन उभ्या राहिल्या. पायांना गाद्यांसारखे पॅड, छातीला चिलखत, डोक्याला जाळीचं हेल्मेट. तोंड कुठेच नाही. आमच्यापैकी कोणालाच हे माहीत नव्हतं. दोन महिने आम्ही चॅनल शोधत होतो. चॅनल सापडल्यावर पोरगी दिसणारच नाही हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"यात आपली कोंती?" मामाने विचारलं.

आबा बाकड्यावरून उतरून जमिनीवर उकिडवे बसले. तंबाखू काढली. खेळ पलीकडच्या टोकाला गेला होता आणि कॅमेरा उगाच एकदा अलीकडच्या जाळीवर आला. तिथली पोरगी हॉकीची काठी जमिनीला टेकवून, दोन्ही हात तिच्या टोकावर ठेवून उभी होती. सगळा भार एका पायावर, दुसरा पाय सैल सोडलेला, मान जराशी कललेली. माळावर मेंढरं चरत असली की आबा स्वतः असेच उभे राहत. गावातला प्रत्येक धनगर असाच उभा राहतो.

"ती," आबा म्हणाले. "ती आपली."

मामाने पाहिलं. मामा हळदीचा झाला तरी त्याचा बाप मेंढरांमागे फिरलेला होता. तो वाकून बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "व्हय. बराबर. उभी कशी राहिली बघ." आबांनी एकदा काठी दाखवली की त्यावर वाद घालायची पद्धत नव्हती.

पण मला इंग्रजी वाचता येत होतं. ती पोरगी वळली तेव्हा तिच्या पाठीवरचं नाव मी वाचलं. ते कौसल्या नव्हतं, कौसल्याच्या जवळपासही नव्हतं. नंबरही आक्काने सांगितलेला नव्हता. मी चाचांकडे पाहिलं. चाचा माझ्याकडेच बघत होते. बाजारातल्या खोक्यांवरचं इंग्रजी वाचून त्यांना तेवढं येत होतं. त्याच क्षणी टीव्हीतला माणूस उत्साहाने त्या पोरीचं नाव घ्यायला लागला आणि चाचांनी अंगठ्याने आवाज बंद केला. "स्पीकर में खरखर है," ते सगळ्या ढाब्याला म्हणाले, "काना को तकलीफ देता." स्पीकरमध्ये काहीही नव्हतं. त्यानंतर आख्खी मॅच आम्ही मुकी पाहिली आणि रिमोट चाचांनी मांडीखाली घालून ठेवला.

आबा तोवर ट्रकवाल्यांना पोरीची गोष्ट सांगत होते, बोकडापासून. त्यांचं तोंड ट्रकवाल्यांकडे होतं, मामा त्यांच्या गोष्टीत भर घालत होता, माय धपाटे वाटत होती. तेवढ्यात कॅमेरा मैदानाबाहेरच्या बाकावरून सरकत गेला. राखीव पोरी बसल्या होत्या. त्यांत आमची आक्का होती, अंगभर सगळा सरंजाम चढवलेला, फक्त हेल्मेट काढून गुडघ्यांवर घेतलेलं. आख्खं तोंड. घामाचा टिपूस नव्हता त्यावर. दोन सेकंद, फार तर तीन. ज्यासाठी आम्ही पत्र्यावर, टाकीवर आणि टेम्पोत चढलो ते भिंतीएवढं मोठं होऊन समोर आलं आणि ते पाहायला माझ्याशिवाय कोणी मोकळं नव्हतं. मी तोंड उघडलं होतं. "आबा, ती बघा" एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की बाकही दिसला असता, आणि बाकावर बसलेल्या पोरीला काय म्हणतात हे मामाला समजावून सांगावं लागलं असतं. मी तोंड मिटलं. आजवर मी पुष्कळ वेळा खोटं बोलले आहे, पण न बोलता केलेलं ते एकच खोटं मला अजून आठवतं.

मॅच बरोबरीत सुटली. मग एकेक पोरगी एकटीच चेंडू घेऊन जाळीवर धावून येणार आणि जाळीपुढची पोरगी तिला एकटीच अडवणार, असा प्रकार सुरू झाला. हे ढाब्याला हॉकीपेक्षा जास्त समजलं. त्या पोरीने पहिला अडवला, पायाने. दुसरा गेला. तिसरा तिने आडवं पडून अडवला. चौथ्याला ती जाळी सोडून एवढी पुढे आली की आबा "मागं! मागं सर!" म्हणून ओरडले, आणि तिने तोही अडवला. जिंकल्यावर सगळ्या पोरींनी तिला खाली पाडून तिच्यावर उड्या मारल्या. ढाब्यात टाळ्या, शिट्ट्या. माय पदराने डोळे पुसत होती. आबा उठले, त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि मामाकडे पाहिलं. मामाने त्यांना मिठी मारली. "दाजी, मी इषय काढनार न्हाई. अशा पोरीला मी हळदीत काय घालू?" त्याला खरंच भरून आलं होतं. मालकाने चहाचे पैसे घेतले नाहीत.

दिवस मावळताना आक्काचा फोन आला. मी तो घेऊन टाकीवर पळाले. ती म्हणाली, "निमे, खरं सांगते. मला आज बसवलं होतं. सगळ्या सीझनलाच बसवलं." मी म्हणाले, "ठावं हाय. मी तुला बाकावर पाहिलं." मग मी तिला ढाब्यावर काय झालं ते सांगितलं. आबांनी कोणाला ओळखलं, मामा काय म्हणाला. पलीकडे आक्का हसायला लागली, आणि तिचं हसू कधी बदललं ते मला कळलं नाही. "ती फुलमनी," ती नाक ओढत म्हणाली. "झारखंडची. तीबी शेळ्या राखायची. पहिली हॉकी तिच्या बापानं बांबू तासून दिली होती." मग म्हणाली, "सांगू नको. पुढच्या साली मी उभी राहीन, मंग खरं होईल." आबांना पोरगी दिसली होती, मामाचा शब्द मिळाला होता, आक्का संघात राहिली होती. सगळं मनासारखं झालं होतं आणि मला जेवण गेलं नाही.

पुढच्या साली ती उभी राहिली नाही. त्याच्या पुढच्या साली फुलमनी दुसऱ्या संघात गेली आणि आक्का उभी राहिली. तोवर गावात टॉवर आला होता, मामाच्या पोराचं लग्न होऊन त्याला लेकरूही झालं होतं, आणि मोबाइलवरचं चित्र कोठीवरच्या टीव्हीत कसं उतरवायचं ते मी शिकले होते. आबांनी रुमाल काढून घडी केली. आक्का जाळीपुढे आली: ताठ, दोन्ही पायांवर सारखा भार, गुडघे वाकवलेले, काठी बाजूला. दहा-अकरा वर्षं शिकवणाऱ्यांनी तिला जसं उभं केलं होतं तशी.

आबा थोडा वेळ बघत राहिले. "ही कोन नवी?" ते म्हणाले. "आपली काहून न्हाई खेळून राहिली?"

माय माझ्याकडे बघायला लागली. टीव्हीतला माणूस कौसल्या, कौसल्या म्हणत होता, आणि आज रिमोट दाबायला चाचा नव्हते. मी टीव्हीपुढे बसूनच सगळं सांगितलं, बाकापासून स्पीकरपर्यंत. आबा माझ्याकडे न बघता ऐकत होते. त्यांचा डोळा आयुष्यात एकदाच चुकला आणि तो स्वतःच्या पोरीला ओळखताना, हे मी त्यांना सांगत होते. मला वाटलं ते उठून मेंढरांकडे जातील.

"रफिकला ठावं होतं?"

"व्हय."

"तुला बी?"

"व्हय, आबा."

ते पडद्याकडे बघत राहिले. आक्काने एक चेंडू अडवला. त्यांनी मान हलवली, अनोळखी पोरीचं करावं तेवढंच कौतुक त्यात होतं. "अकरा वर्साची गेली," ते म्हणाले. "हिला आता नव्यानं बघाया लागंल." मग एकदम माझ्याकडे वळले आणि मी तेव्हा त्यांचा राग पाहिला. "म्हंजे दोन साल दुसऱ्याचं मेंढरू माझ्या कळपात धरलं? आन् निरोप न्हाई दिला?"

फुलमनीचा नंबर आक्काने दिला, फुलमनीने तिच्या बापाचा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी टोपी घालून, पडवीत करडांमध्ये उभं राहून तो फोन केला. आबांची हिंदी बाजारातली, तीही बकऱ्यांच्या व्यवहारापुरती. मी फोनचा स्पीकर लावून धरला होता.

"रामराम," आबा म्हणाले. "हिंगोली जिल्हे से बोलता. तुम्हारी लडकी दो साल हमारे यहाँ थी. निरोप देने को देर हुआ. माफ करना."

पलीकडच्या माणसाला काही कळलं नसावं. मी फोन तोंडाशी घेऊन जमेल तसं समजावलं: टीव्ही, ढाबा, तीन अडवले, आम्ही आमची समजलो. मागे कुठेतरी शेळ्या ओरडत होत्या. त्या त्यांच्या होत्या की आमच्या ते ओळखू येत नव्हतं. मग तो म्हणाला की त्यांच्या गावात टीव्ही आहे, पण त्यावर ती मॅच लागत नाही. पोरगी फोनवर जिंकले म्हणते, तेवढंच. त्याने तिला खेळताना कधी पाहिलेलं नाही. कोणता चॅनल, कोणता पॅक, हे सांगायला माझी जीभ शिवशिवली होती. पण त्याने ते विचारलं नाही.

"आपने देखा उसको?" त्याने विचारलं. "कैसी दिखती है?"

आबा तसेच उभे होते. दोन्ही हात काठीच्या टोकावर, भार एका पायावर.

"मुँह तो दिखा नै," ते म्हणाले. "पर खडी रहती है बराबर तुम्हारे जैसी."